चाळिशीनंतर स्कूटी शिकताना: सातारकर बायकांसाठी पायरीपायरीने

मुलं कॉलेजला गेली, दारात गाडी उभी आहे, आणि तरी राजवाड्यावर भाजीला जायचं तर रिक्षा बघावी लागते. ज्यांचं असं चाललंय त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. पुरुषांनीही वाचायला हरकत नाही. न येणारे त्यांच्यातही असतात, फक्त सांगत नाहीत.

मी पंचेचाळिशी ओलांडल्यावर साताऱ्यात गाडी शिकले. नंतर जावा, नणंदा, शेजारणी अशा बऱ्याच जणींना शिकवली. त्यातल्या बहुतेक पहिल्यांदा शिकत नव्हत्या. लग्नानंतर एकदा, मूल शाळेत जायला लागल्यावर एकदा, अशा दोनदोनदा हात लावून “मला नाही बाई जमायचं” म्हणून सोडून बसलेल्या. वयाबरोबर शिकण्याचा वेग कमी होतो हे खरं, पण शिकणं थांबत नाही. त्यांचं अडलं होतं ते सरावाच्या पद्धतीपाशी: एखाद्या रविवारी तीन तास, मागे ओरडणारा माणूस, आणि त्याच मैदानावर त्याच गोल फेऱ्या.

माणूस हालचाली कशा शिकतो याचा मानसशास्त्रात शंभरेक वर्षांहून जास्त अभ्यास झालेला आहे. त्याला कारक अध्ययन म्हणतात. त्यातलं आपल्या उपयोगाचं तेवढं खाली त्या त्या पायरीत घातलंय. एक गोष्ट मात्र सगळीकडे लागू आहे: आज गाडी छान चालली म्हणजे ती आली असं धरू नका. दोन दिवस हात न लावता तिसऱ्या दिवशी पहिल्या पाच मिनिटांत जे जमतं, तेवढंच तुमचं झालेलं असतं.

१. आधी कागद

लर्निंग लायसन्स हातात आल्याशिवाय रस्त्यावर गाडी काढायची नाही. अर्ज परिवहन खात्याच्या ‘सारथी’ पोर्टलवर भरायचा. आधारला मोबाइल जोडलेला असेल तर लर्निंगची परीक्षा घरबसल्या देता येते. लागतं ते असं:

- आधार कार्ड, आणि त्याला जोडलेला चालू मोबाइल
- वयाचा पुरावा: जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला किंवा पासपोर्ट
- पत्त्याचा पुरावा
- फोटो आणि सही
- फॉर्म १, म्हणजे तब्येतीबद्दल तुम्ही स्वतः द्यायचं निवेदन
- वय चाळीस पूर्ण असेल तर फॉर्म १-अ, म्हणजे डॉक्टरचा दाखला

खड्डे तीन. पहिला नावाचा. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातला नावबदल आधी शोधून ठेवा. दुसरा खड्डा वर्गाचा. अर्जात गिअर नसलेली दुचाकी आणि गिअरची दुचाकी हे दोन वेगळे पर्याय असतात. “राहू दे, दोन्ही टाकू” असं कुणी म्हटलं तर ऐकू नका, कारण जे टाकाल त्याची टेस्ट द्यावी लागते. तिसरा, पत्ता कऱ्हाडकडचा असेल तर एमएच ५० चं कार्यालय वेगळं आहे. उगाच साताऱ्याच्या एमएच ११ मध्ये चकरा मारू नका.

लर्निंग सहा महिने चालतं, आणि ते मिळाल्यापासून तीस दिवस गेल्याशिवाय पक्क्या लायसन्सची टेस्ट देता येत नाही. या काळात गाडीला पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’ लावायचा. मागे बसवायचं तर फक्त शिकवणाऱ्या माणसाला, तेही त्याच्याकडे पक्कं लायसन्स असेल तरच.

“इलेक्ट्रिक घ्या, लायसन्सच लागत नाही” असं दुकानात ऐकायला मिळेल. ते ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या, २५० वॅटपर्यंतच्या छोट्या गाड्यांपुरतंच खरं आहे. दुसरं म्हणजे इलेक्ट्रिक गाडी चालू आहे की बंद, हे आवाजावरून कळत नाही. नवशिकीला हा आवाज फार उपयोगी पडतो, म्हणून शिकायला मी पेट्रोलची गाडी सुचवते.

२. गाडी, कपडे, जागा

सीटवर बसून दोन्ही पाय सपाट जमिनीला टेकले पाहिजेत. फक्त चवडे टेकत असतील तर ती गाडी तुमच्या उंचीची नाही. शिकण्यापुरती दुसरी मागून आणा. अ‍ॅक्टिव्हासारखी गाडी शंभर किलोच्या पुढे भरते, आणि तोल जाताना ती पायाने सावरायची असते.

पायात मागून पट्टा असलेली सँडल किंवा बूट. ओढणी, पदर खोचलेला. हेल्मेट पहिल्या दिवसापासून, इंजिन बंद असतानाही, कारण हेल्मेट घातल्यावर आवाज आणि नजर दोन्ही बदलतात आणि त्याचीही सवय करावी लागते.

जागा: सकाळी सातच्या आत एखादं मोकळं मैदान, किंवा सुट्टीच्या दिवशी एमआयडीसीतले रुंद रस्ते. कॉलनीतला रस्ता टाळा. कुत्री असतात, आणि बघणारे असतात. बघणाऱ्यांचा त्रास जास्त.

३. इंजिन बंद

ही पायरी सगळ्यांना नको असते. किल्ली फिरवून भुर्रकन जायची घाई असते. तरी दोन-तीन सकाळी इथे द्या.

आधी डबल स्टँड लावणं-काढणं. मग गाडीच्या डावीकडे उभं राहून दोन्ही हातांनी हँडल धरून ती चालवत न्या, वळवा, मागे घ्या. तिचं वजन कुठल्या क्षणी आपल्या अंगावर येतं ते कळू द्या. मग बसून दोन्ही पायांनी ढकलत पुढे जा. शेवटी अगदी हलक्या उतारावर पाय उचलून चार-पाच हात घरंगळू द्या, आणि ब्रेकने थांबा.

ज्यांना सायकल येते त्यांचं हे एका सकाळीत होतं. दुचाकी ज्या बाजूला कलते त्याच बाजूला हँडल किंचित वळवलं की ती सावरते, हे त्यांच्या अंगात आधीच असतं. सायकल न आलेली बाई घाबरून उलट बाजूला हँडल खेचते. तिला हे सांगून पुरत नाही. घरंगळत राहिल्यावर ते आपोआप येतं.

पॉल फिट्स आणि मायकेल पोस्नर या दोघांनी १९६७ मध्ये शिकण्याचे तीन टप्पे मांडले. पहिल्यात प्रत्येक गोष्ट विचार करून करावी लागते, दुसऱ्यात चुका कमी होत जातात, तिसऱ्यात हालचाल लक्ष न देता होते. पहिल्या टप्प्यात डोक्यात एका वेळी एकच गोष्ट मावते. तोल, मूठ, ब्रेक, समोरून येणारा टेम्पो या चारही गोष्टी एकदम दिल्या की माणूस गोठणारच. इंजिन बंद ठेवलं की त्यातली निदान मूठ तरी बाजूला राहते.

आणि हो, अंग ताठ होईल. खांदे कानाला लागतील, कोपरं लाकडासारखी होतील. रशियन शास्त्रज्ञ निकोलाय बर्नस्टाइन यांनी हे नीट उलगडून ठेवलंय. शरीरात सांधे इतके आहेत की नवशिक्याला सगळे एकदम सांभाळता येत नाहीत, म्हणून शरीर त्यातले बरेचसे आवळून ठेवतं. सराव होत गेला की ते एकेक मोकळे सुटतात. त्यामुळे “सैल सोड, सैल सोड” म्हणून काही होत नाही. दर दहा मिनिटांनी उतरून खांदे फिरवा, एवढं पुरे.

४. मूठ आणि ब्रेक

सगळ्यात जास्त अपघात इथे होतात, म्हणून सावकाश वाचा.

बिनगिअरच्या गाडीत उजवी मूठ पिळली की रेस वाढते. घाबरल्यावर माणूस हातातली वस्तू आवळून धरतो. गाडी अचानक पुढे गेली की अंग मागे जातं, त्याबरोबर मनगट मागे वळतं, आणि रेस आणखी वाढते. भिंतीवर गाडी घालणाऱ्या नवशिकीला “ब्रेक का नाही दाबलास?” विचारतात. तिने ब्रेक दाबलेलाच असतो, पण उजव्या हाताने, आणि त्याच हाताने रेसही पिळलेली असते.

उपाय असा. पहिल्या काही दिवसांत थांबायचं ते डाव्या ब्रेकने. अलीकडच्या बहुतेक स्कूटरमध्ये डावा ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना लागतो; तुमच्या गाडीचं काय आहे ते मेकॅनिकला विचारून घ्या. उजव्या हाताचं मनगट मुठीच्या पातळीपेक्षा किंचित खाली ठेवून सुरुवात करू नका, सपाट ठेवा. मग स्टँडवर, इंजिन बंद ठेवून, कुणीतरी टाळी वाजवली की दोन गोष्टी एकदम: उजवी मूठ पुढे सोडायची, डावा ब्रेक दाबायचा. टाळी कधी वाजेल ते कळता कामा नये. हे रोज सुरुवातीला करा, गाडी येऊ लागल्यावरही. उजवा ब्रेक नंतर हळूहळू, सरळ रस्त्यावर, हलक्या बोटांनी जोडा.

गाडी चालू झाली की पाय उचलून आत घ्या. दोन्ही पाय लोंबकळत ठेवून चालवणाऱ्या बायका साताऱ्यात पावलोपावली दिसतात. त्या कधीच पूर्ण शिकलेल्या नसतात, कारण त्यांनी तोल पायांवर सोपवलेला असतो.

५. नजर कुठे

पुढच्या चाकाकडे बघू नका. हाताकडे तर नाहीच. जिथे जायचंय तिथे, पंधरा-वीस पावलं पुढे बघा. खड्ड्याकडे बघत राहिलात तर गाडी खड्ड्यातच जाते, म्हणून खड्ड्याच्या शेजारचा चांगला रस्ता बघा. वळताना मान आधी वळली पाहिजे, गाडी मागून येते.

यामागेही प्रयोग आहे. गाब्रिएले वुल्फ यांनी १९९८ मध्ये बर्फावर घसरण्याचा सराव देणाऱ्या एका यंत्रावर लोकांना उभं केलं. काहींना स्वतःच्या पायांकडे लक्ष द्यायला सांगितलं, काहींना पायाखालच्या फळीच्या चाकांकडे. चाकांकडे लक्ष देणारे जास्त चांगलं शिकले. आपल्या अवयवांपेक्षा त्यांच्या परिणामाकडे लक्ष गेलं की हालचाल मोकळी होते. भाकरी थापताना आपण बोटांकडे बघत नाही, कडेकडे बघतो.

शिकवणाऱ्यानेही शब्द बदलावेत. “कोपर वाकव”ऐवजी “आरसा त्या झाडाकडे ने”. “हात सरळ ठेव”ऐवजी “त्या पांढऱ्या रेषेवर चल”.

६. मागे कोण बसणार

नवरा नको. हे मी भांडण लावायला म्हणत नाही. काही नवरे उत्तम शिकवतात. पण बहुतेक घरी गाडी शिकायला सुरुवात होते आणि दुसऱ्या दिवशी दोघं न बोलता परत येतात. मोठा मुलगा तर त्याहून नको. त्याला स्वतःला ती गोष्ट कधी येत नव्हती हे आठवतच नाही. हे त्याच्या उर्मटपणामुळे नव्हे. तिसऱ्या टप्प्यावर पोचलेल्या माणसाला आपण काय करतो ते शब्दात सांगता येत नाही. सगळ्यात चांगली शिक्षिका म्हणजे वर्ष-दोन वर्षांपूर्वी स्वतः शिकलेली बाई.

कुणीही असो, नियम एकच: चालत्या गाडीवर बोलायचं नाही. “ब्रेक! ब्रेक! डावीकडे घे! अगं रेस कमी कर की!” या धबडग्यात शिकणारीची गाडी त्या दिवशी ठीक चालते, कारण चालवतो मागचा माणूस. तो उतरला की सगळं गेलं. कॅरोलिन विन्स्टाइन आणि रिचर्ड श्मिट यांच्या १९९० च्या प्रयोगांत प्रत्येक प्रयत्नानंतर निकाल सांगितलेल्या लोकांपेक्षा निम्म्याच प्रयत्नांनंतर सांगितलेले लोक पुढच्या चाचणीत सरस ठरले. सतत सांगणारं कुणी असलं की शरीर स्वतःची चूक ओळखायला शिकतच नाही.

म्हणून मी असं करते. दोन फेऱ्या गप्प बसून बघायच्या. मग गाडी थांबवून आधी तिलाच विचारायचं, “वहिनी, आत्ता काय झालं?” ती सांगेल. बहुतेक वेळा बरोबर सांगते. मग आपण फक्त एक गोष्ट जोडायची, दोन नाही. शक्य तितक्या लवकर मागून उतरून बाजूला उभं राहायचं. धोका दिसला तरच ओरडायचं, आणि तेही एकच ठरलेला शब्द: “थांब.”

७. रोज थोडं, आणि रोज वेगळं

रविवारी तीन तासांपेक्षा रोज अर्धा तास. ब्रिटिश पोस्टाने कर्मचाऱ्यांना टाइपिंग शिकवताना वेगवेगळी वेळापत्रकं लावून पाहिली. अ‍ॅलन बॅडली आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९७८ मध्ये त्याचा निकाल मांडला. दिवसाला एकच तास शिकणाऱ्यांना एकूण तास सगळ्यात कमी लागले. गंमत अशी की आपल्या वेळापत्रकावर सगळ्यात नाराज तेच होते. आपल्याला दमेपर्यंत केलं की शिकल्यासारखं वाटतं.

अर्ध्या तासानंतर हात जड होतात आणि चुकीची हालचाल घोटली जाते. तिथे थांबा, घरी जा, झोपा. काही गोष्टी रात्रीत बसतात. “काल काहीच डोक्यात शिरलं नाही” असं वाटलं तरी शरीराचा हिशोब वेगळा चालतो. १९५३ मध्ये झालेल्या मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर नवी आठवणच न राहणाऱ्या एका अमेरिकन रुग्णाला ब्रेंडा मिल्नर यांनी आरशात बघून चांदणी गिरवायला दिली. आदल्या दिवशी आपण हे केलंय याचा त्याला पत्ता नसायचा, आणि तरी दर दिवशी त्याचा हात सुधारत गेला.

आता गोल फेऱ्यांबद्दल. एकाच मैदानावर उजवीकडूनच फिरत राहिलात तर तेवढंच येईल. केर आणि बूथ या संशोधकांनी १९७८ मध्ये आठ वर्षांच्या मुलांना छोट्या पिशव्या लक्ष्यावर टाकायला दिल्या. काही मुलं फक्त तीन फुटांवरून टाकत होती, काही दोन आणि चार फुटांवरून. शेवटी तीन फुटांवरून परीक्षा घेतली तेव्हा त्या अंतरावर एकदाही सराव न केलेली दुसरी मुलं पुढे गेली. तेव्हा तोल आला की लगेच मिसळायला लागा: एक डावं वळण, एक थांबा, एक उजवं, एक आठचा आकडा, मधेच सावकाश सरळ चालणं. क्रम रोज बदला. त्या दिवशी गाडी जास्त चुकेल आणि तुम्ही वैतागाल, मागे बसलेली बाई म्हणेल, “काल बरी चालवत होतीस की.” म्हणू द्या. आठवड्याने फरक बघा.

८. चढ-उतार

साताऱ्यात सपाट रस्ता कमीच. चढावर थांबून पुन्हा निघणं हे वेगळं काम आहे: ब्रेक धरून ठेवायचा, रेस थोडी द्यायची, गाडी ओढायला लागली की ब्रेक सोडायचा. हे शांत गल्लीतल्या छोट्या चढावर करा, पोवई नाक्याकडे निघालेल्या रांगेत नाही. उतारावर इंजिन बंद करून पेट्रोल वाचवायचं नाही. यवतेश्वरचा घाट आणि कासचा रस्ता पहिल्या वर्षी सोडूनच द्या, फुलांच्या दिवसांत तर नक्कीच.

९. आता रस्त्यावर जाऊ का?

याला माझी एक चाचणी आहे. मैदानावर आठचा आकडा काढत असताना बाजूला उभं राहून साधा प्रश्न विचारायचा: “आज डब्याला काय दिलं?” उत्तर देताना गाडी डगमगली किंवा उत्तरच आलं नाही, तर अजून सगळं लक्ष तोलावरच खर्च होतंय. मग रस्त्यावरची रिक्षा, म्हैस, शाळकरी पोरं यांच्यासाठी लक्ष उरणार नाही. सहज उत्तर आलं की निघा.

मधे एक काळ असा येतो की पुढे काही सरकतच नाही. तारायंत्रावर काम शिकणाऱ्यांच्या बाबतीत ही सपाटी १८९७ मध्येच टिपली गेली होती. त्या आठवड्यात गाडी सोडून देऊ नका, जागा बदला.

१०. टेस्टचा दिवस

लर्निंगची प्रत, मूळ कागद, गाडीचं आरसी, विमा, पीयूसी, हेल्मेट. गाडी सरावाचीच न्या.

रोज जमणारं तिथे बिघडतं, कारण साहेब बघतायत म्हटल्यावर आपण पुन्हा हातापायांकडे लक्ष द्यायला लागतो. आपोआप होणारी हालचाल तुकड्यातुकड्यांत करायला गेलं की ती अडखळते. नजर पुढच्या खुणेवर ठेवा आणि मनात एकच शब्द घोळवा, “पुढे” किंवा “हळू”, काहीही. आदल्या आठवड्यात दोन-तीन ओळखीच्या बायकांना मुद्दाम उभं करून त्यांच्यासमोर चालवा. नापास झालात तर सात दिवसांनी पुन्हा देता येते. तीनदा झालं तर मात्र साठ दिवस थांबावं लागतं.

११. लायसन्सनंतरचे पहिले महिने

क्रम असा ठेवा: आधी सकाळी रिकामा राजपथ, मग दुपारी सदर बझार किंवा शाहूपुरीच्या आतल्या गल्ल्या, मग संध्याकाळचा कर्मवीर पथ. महामार्गाला लागूनचे सर्व्हिस रोड, वाढे फाटा वगैरे, सगळ्यात शेवटी. पहिल्या पावसात दोन-तीन दिवस गाडी काढू नका. रस्त्यावरचं तेल आणि धूळ मिळून निसरडं होतं. रात्री चालवणं पुन्हा वेगळं शिकावं लागतं, त्यासाठी ओळखीचाच रस्ता घ्या.

डबलसीट दोन महिन्यांनी. मागे वजन आलं की थांबायला जास्त अंतर लागतं आणि सावकाश वळताना गाडी कलते. पहिल्यांदा हलकी, गप्प बसणारी आणि वळणावर उलटीकडे न झुकणारी सवारी निवडा. आमच्याकडे ती धाकटी भाची होती. सासूबाईंना त्यानंतर, आणि त्यांची पिशवी पायाशी नको, डिकीत.